सोफ्यावरच्या गावठी कुत्र्याचा गुन्हा काय?

एक फोटो दर दोन-तीन महिन्यांनी मराठी घरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर न चुकता फिरून येतो. डावीकडे वृद्धाश्रमाच्या बाकावर बसलेली पांढऱ्या केसांची आजी, उजवीकडे दिवाणखान्यातल्या सोफ्यावर हातपाय पसरून झोपलेलं कुत्रं. खाली ‘हीच का प्रगती?’ छापाची एक ओळ आणि जोडलेले हात. पाठवणाऱ्या काकांनी स्वतः कधी एखाद्या वृद्धाश्रमाची पायरी चढली आहे का, हे कुणी विचारत नाही. ग्रुपवर धडाधड अंगठे उमटतात. आणि ज्या घरात गेल्याच पावसाळ्यात रस्त्यावरचं पिल्लू आणलं गेलं, त्या घरातली सून मुकाट्याने ग्रुप म्यूट करून टाकते.

हे मत एकट्यादुकट्याचं असतं तर सोडून देता आलं असतं. पण ते आता शहाणपण म्हणून खपू लागलं आहे, आणि त्याची मांडणीही ठरून गेलेली आहे. देशात माणसांना खायला नाही आणि यांना कुत्र्याचे लाड सुचतात. पाळायचंच तर निदान चांगल्या जातीचं तरी पाळा. उकिरड्यावरचं गावठी घरात घेता, त्याचं रक्त एक दिवस बोलणारच. त्याच्या अंगावर गोचीड, तोंडात रेबीज आणि घरात लहान मूल! शिवाय रस्त्यावर त्याचं काय वाईट चाललं होतं? मोकळं होतं बिचारं, तुम्ही आणून कोंडलंत. जीव लावतं वगैरे तर तुमच्या मनाचे खेळ. ते शेपूट हलवतं ते बिस्किटाला. सारांश काय, तर हे नातंबितं काही नाही, सुखवस्तू रिकामटेकड्यांनी परदेशातून उचललेलं थेर आहे.

ही सगळी वाक्यं एका दमात बोलणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. कुठल्याही गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत पार्किंगचा विषय संपला, की तो उभा राहतो.

आधी वृद्धाश्रमाचंच घेऊ, कारण ती या मंडळींची सगळ्यात लाडकी चाल. आईवडील वृद्धाश्रमात का जातात हे कुणाला ठाऊक नाही? वन बीएचके घर, परदेशी स्थायिक झालेला मुलगा, वाटणीवरून फाटलेले भाऊ, चोवीस तासांची बाई ठेवायला न पुरणारा पगार, आणि हो, काही घरांत निव्वळ निर्दयपणा. आईबापांकडे पाठ फिरवणाऱ्यांसाठी २००७ साली संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या कायद्याखाली निर्वाहाचे अर्ज येतात तेव्हा समोरच्या बाजूला मुलगा असतो, सून असते, मुलगी असते. कुत्र्याला अजून कुणी प्रतिवादी केलेलं नाही.

गावठी कुत्रं दत्तक घेतलेल्या मध्यमवर्गीय घरात पहाटे डोकावलं तर फोटोच्या नेमकं उलट दृश्य दिसतं. पिल्लू आणायचा हट्ट असतो कॉलेजातल्या मुलीचा. ‘या घरात एक तर ते राहील नाहीतर मी’ ही गर्जना असते निवृत्तीला टेकलेल्या बापाची. तीन महिन्यांनी मुलगी साडेआठपर्यंत घोरत असते आणि पट्टा असतो बापाच्या हातात. खिशात घाण उचलायला वर्तमानपत्राचे तुकडे, दुसऱ्या हातात गल्लीतल्या टोळीला लांब ठेवायला काठी. डॉक्टरांनी दहा वर्षं बजावूनही जो माणूस कधी चालायला बाहेर पडला नव्हता, तो आता भर पावसात दिवसातून दोनदा बाहेर पडतो, कारण ‘आज राहू दे’ हे कुत्र्याला समजत नाही. जेवताना पोळीचा शेवटचा तुकडा ताटाच्या कडेला उरतो आणि मग नाहीसा होतो. ‘त्याला आपल्या ताटातलं काही देत जाऊ नका’ हा दम सगळ्यांना भरणाराही तोच. कुत्र्यामुळे म्हातारी माणसं अडगळीत गेली, असं म्हणणाऱ्यांनी या माणसाला एकदा बागेच्या फाटकाशी गाठावं. तो थांबून बोलेलही. मात्र कुत्रं थांबू देईल तेवढाच वेळ.

फोटोतल्या त्या आजीला घराबाहेर काढलंच असेल तर माणसांनी काढलेलं आहे. मग पंचनामा कुत्र्याचा का?

‘आधी माणसांचं बघा’ हा त्याच फोटोचा थोरला भाऊ. हे वाक्य नेमकं कुत्र्याच्या वेळीच कसं आठवतं? लग्नात पाचशे पानं उठतात आणि टोपभर पुलाव कचऱ्यात जातो, तेव्हा भुकेला माणूस कुणाच्या तोंडी येत नाही. दुसरी गाडी घेताना येत नाही, तिसऱ्यांदा फर्निचर बदलताना येत नाही. रस्त्यावरून आणलेल्या कुत्रीला दहीभात घातला की मात्र अचानक साऱ्या देशाचं दारिद्र्य आठवतं. करुणा म्हणजे रेशनचा कोटा नव्हे, की कुत्र्याच्या पिशवीत दोन किलो पडली म्हणून माणसाच्या पिशवीत दोन किलो कमी पडतील.

इतिहास तर उलटीच साक्ष देतो. मुंबईचा पांजरापोळ १८३४ साली उभा राहिला, भटकी कुत्री आणि टाकून दिलेली गुरं सांभाळण्यासाठी. त्यामागे प्रमुख नाव होतं सर जमशेटजी जीजीभॉय यांचं. त्याच माणसाच्या देणगीतून पुढे १८४५ साली भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय सुरू झालं. आज तिथे उपचार घेणारा एकही गरीब रुग्ण ‘यांनी आधी कुत्र्यांचं केलं’ म्हणून तक्रार करत नसेल. ज्याच्या हाताला द्यायची सवय असते तो दोन्हीकडे देतो. ज्याला द्यायचंच नसतं, त्याला कुत्र्यापुढे माणूस आणि माणसापुढे देश आठवतो. आणि देशाचंच म्हणाल, तर राज्यघटनेच्या कलम ५१-अ मध्ये नागरिकांची जी मूलभूत कर्तव्यं दिली आहेत, त्यांत प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगण्याचं कर्तव्य शब्दांत लिहिलेलं आहे. त्याला ‘सर्व माणसांचं भागल्यावर’ अशी अट जोडलेली नाही.

आता रक्ताचा मुद्दा. इथे जरा ठिय्या मारून बसायला हवं.

‘पाळायचंच तर जातिवंत पाळा’ हा सल्ला देणारी माणसं एरवी ‘आम्ही जातपात मानत नाही’ असं छाती फुगवून सांगतात. कुत्र्याच्या वेळी मात्र घराणं, वंशावळ, शुद्ध रक्त, कागदपत्रं असं सगळं गाठोडं बाहेर निघतं. गावठी कुत्र्याबद्दल जी भाषा वापरली जाते ती नीट ऐकावी: त्यांचं वळणच तसलं, कितीही करा ते उकिरड्यावरच जाणार, घरात घेऊ नये, अंगणात ठेवावं, भांडं वेगळं ठेवावं. ही वाक्यं या महाराष्ट्रात याआधी कुणाबद्दल बोलली गेली, हे सांगायची गरज आहे का?

या शुद्ध रक्ताच्या हौसेपायी काय काय चालतं तेही पाहू. बर्फात घसरगाड्या ओढण्यासाठी ज्याची पैदास झाली तो सायबेरियन हस्की मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या नागपुरात कूलरसमोर धापा टाकत पडलेला असतो. पगचं नाक माणसाने हौसेखातर इतकं चपटं करून ठेवलं, की बिचाऱ्याला जिना चढताना श्वास पुरत नाही. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबत केंद्राने २०१७ साली नियम केले. पैदास करणाऱ्याने नोंदणी करावी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, मादीला आयुष्यात ठराविकच वेतं घेऊ द्यावीत, असं त्यांत आहे. तरीही डोळे धड न उघडलेली पिल्लं टोपलीत घालून विकणारे रस्त्याच्या कडेला दिसतातच, आणि त्यांच्यापुढे मोटारी थांबवणारी माणसं ‘गावठी नको हं, रोग असतात’ असं एकमेकांना सांगत असतात.

आणि ज्या गावठी रक्तात म्हणे अक्कल नाही, त्याची कामगिरी काय? ३ नोव्हेंबर १९५७ रोजी पृथ्वीची प्रदक्षिणा करणारा पहिला प्राणी ठरली ती लायका, मॉस्कोच्या रस्त्यावरून उचललेली भटकी कुत्री. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी भटकी कुत्री निवडली ती दयेपोटी नव्हे. मॉस्कोच्या थंडीत आणि उपासमारीत टिकलेला प्राणी दणकट असणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता. लायकाला त्यांनी परतीची वाट ठेवली नव्हती, तो निर्दयपणा वेगळाच. पण १९६० मध्ये बेल्का आणि स्ट्रेल्का या दोन तशाच कुत्र्या कक्षेत जाऊन जिवंत परतल्या. स्ट्रेल्काला पुढे पिल्लं झाली. त्यांतलं पुशिंका नावाचं एक सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या घरी भेट पाठवलं. व्हाइट हाउसला चाललेलं गावठी कुत्रं आमच्या सोसायटीच्या लिफ्टला चालत नाही!

एवढ्या लांब जायचं नसेल तर आपल्याच देशात पाहावं. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी अनेक वर्षं रस्त्यावरच्याच कुत्र्यांचा अभ्यास करत आहेत. त्यांच्या एका प्रयोगात अनोळखी माणसाने दोन भांडी ठेवून त्यांतल्या एकाकडे नुसता हात केला. कुणी शिकवलेलं नाही, कुणी पाळलेलं नाही, अशी ही कुत्री. त्यांतली जी जवळ आली, त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के कुत्री बोट दाखवलेल्या भांड्याकडेच गेली. जवळजवळ निम्मी कुत्री मात्र जवळ आलीच नाहीत. माणसाला पाहून ती बिचकली. म्हणजे माणसाचं बोट वाचायची अक्कल या रक्तात आहे, आणि माणसाचा दगड ओळखायचीही. उत्तराखंड पोलिसांनी तर काही वर्षांपूर्वी रस्त्यावरचंच एक पिल्लू श्वानपथकात घेऊन वास काढायला शिकवलं. त्याचं नाव ‘ठेंगा’. नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी.

‘शेपूट हलवतं ते बिस्किटाला’ याचा निकाल त्याच प्रयोगशाळेने लावून ठेवला आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात काही भटक्या कुत्र्यांना अनोळखी माणसाने वारंवार जास्तीचं खाणं दिलं, तर काहींच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला. काही दिवसांनी त्या माणसावर जास्त विश्वास टाकला तो हात फिरवलेल्या कुत्र्यांनी. खाणं त्यांना उकिरड्यावरही मिळतं. हात मिळत नाही. जपानमधल्या अझाबू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की पाळलेलं कुत्रं आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले, की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्हं मूल यांच्यातली ओढ ज्याने घट्ट होते तेच हे संप्रेरक. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत हे दिसलं नाही. मनाचे खेळ म्हणायचे तर म्हणा. लघवीच्या तपासणीत दिसणारे मनाचे खेळ फार थोडे असतात.

रेबीजला मात्र हसण्यावारी नेता येणार नाही. देशात २०२४ मध्ये कुत्रं चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. रेबीजने वर्षाला सुमारे ५,७०० माणसं दगावत असावीत, असा आयसीएमआरच्या पाहणीचा अंदाज आहे. यातलं एक मूल आपल्या घरातलं असेल तर कुणालाही कुत्र्यांचं कौतुक ऐकवणार नाही, आणि ऐकवूही नये. पण या आकड्यांचं ओझं दत्तक घेणाऱ्या घराच्या डोक्यावर कसं ठेवता? रेबीज पसरतो तो लस न टोचलेल्या कुत्र्यांतून. घरात आणलेल्या पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस मिळते, पुढे दरवर्षी मिळते, आणि त्याचं हिरवं-निळं कार्ड कपाटात रेशनकार्डाच्या शेजारी ठेवलं जातं. त्याचं नसबंदीचं ऑपरेशन होतं. रस्त्यावरची एक कुत्री वर्षाला एकदा-दोनदा विते. ती घरात आली की ती साखळी तिथेच तुटते. पालिकेची गाडी जे काम वर्षानुवर्षं रेंगाळत करते, ते या घराने स्वतःच्या खिशातून एका कुत्र्यापुरतं पुरं केलेलं असतं. आणि दंडाची भाषा त्याच घराला ऐकवायची?

रेबीज खरोखर हटवायचा असेल तर काय करावं लागतं, हे शेजारी गोव्यात दिसलं. तिथे सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी मिळून गल्लोगल्ली फिरून, जाळ्यांनी पकडून पकडून कुत्र्यांना लस टोचली. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साथ मोडते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो पल्ला गाठायला पाळलेली कुत्रीही हवीत आणि भटकीही. २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज-नियंत्रित’ जाहीर झाला तेव्हा आधीच्या तीन वर्षांत राज्यात एकही माणूस रेबीजने गेला नव्हता. कुत्री मारून हे झालं नाही. मुंबई महापालिकेने कित्येक दशकं कुत्री मारली. शेवटी १९९४ पासून तो मार्ग सोडून नसबंदी धरावी लागली, कारण मारून कुत्री कमी झाली नाहीत. जागा रिकामी झाली की पलीकडच्या गल्लीतली येत आणि उकिरडा होता तसाच असे.

उकिरडा! त्याच्याबद्दल सोसायटीच्या सभेत कुणी चकार शब्द काढत नाही. ओला कचरा पिशवीत बांधून गेटबाहेर भिरकावणारे हातच हात वर करून कुत्र्याविरुद्धच्या ठरावाला अनुमोदन देतात.

‘रस्त्यावर मोकळं होतं, सुखात होतं’ हे म्हणणाऱ्यांना दुचाकीवरून जाताना डांबरावर चिकटलेलं पिल्लू कधी दिसलंच नसावं. आयसर कोलकात्याच्याच २०१६ च्या अभ्यासात साडेतीनशेहून अधिक भटक्या पिल्लांवर लक्ष ठेवण्यात आलं. सात महिन्यांचं वय गाठेपर्यंत जेमतेम १९ टक्के उरली. जी मेली त्यांतल्या सुमारे ६३ टक्क्यांच्या मृत्यूमागे माणसाचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हात होता. चाकं, विष, मारहाण, आणि आईपासून उचलून नेणं. पाचांतली चार मरतात त्याला स्वातंत्र्य म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

आणि कोंडणं म्हणजे काय, तेही जवळून पाहावं. मोठं झालेलं रस्त्यावरचं कुत्रं घरात येतं तेव्हा पहिले दोन-तीन दिवस ते बहुतेक पलंगाखालीच काढतं. फरशीवर पाय घसरतात म्हणून भिंतीला अंग घासत चालतं. केर काढायला कुणी झाडू उचलला की गठडी वळून थरथरतं, कारण त्याच्या आठवणीत झाडू हे केर काढायचं साधन नसतं. पाण्याचं भांडं दाराशी सरकवलं तरी माणसं झोपल्यावर रात्री दोनला येऊन पितं. पंख्याचा आवाज, मिक्सर, प्रेशर कुकरची शिट्टी, प्रत्येकाची त्याला वेगळी भीती. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कधीतरी घरातलं कुणी खाली बसून शेंगा सोलत असतं आणि ते येऊन पाठीला पाठ टेकून बसतं. तोंड दुसरीकडे, कान मात्र मागे वळलेले. त्या वेळी कुणी हलत नाही. हॉलमधला टीव्ही कमी करायला सांगणारा हात नुसता हवेत फिरतो. कुत्री सांभाळणाऱ्या संस्था नव्या घरांना आधीच सांगून ठेवतात: तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे अंदाज घेण्याचे, तीन महिने घर आपलं मानायचे. दिवाळीत फटाके सुरू झाले की हेच कुटुंब कुत्र्याला घेऊन बाथरूममध्ये बसतं, आत रेडिओ मोठ्याने लावून. बाहेर साऱ्या गल्लीत उजेड आणि लाडू. रिकामटेकडेपणाची ही व्याख्या नवीनच म्हणायची.

हो, या गोतावळ्यात हास्यास्पद गोष्टीही आहेत. कुत्र्याला बाबागाडीत घालून मॉलमध्ये फिरवणं, त्याच्या वाढदिवसाला केक कापून पाहुण्यांना ‘आमचं फर बेबी’ म्हणून ओळख करून देणं, याला हसावंच. पुलंच्या ‘पाळीव प्राणी’ने कुत्रेवाल्यांच्या फुशारकीला हसायला कित्येक पिढ्यांना शिकवलं आणि ते हसणं निरोगी होतं. पण पुलं फिरकी घेत होते मालकांची. कुत्र्याला घराबाहेर काढा, असा ठराव त्यांनी मांडला नव्हता.

राहिलं परदेशी थेर. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या अतकूरला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला, इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या मध्याचा एक वीरगळ सापडला. वीरगळ माणसांचे असतात. या दगडावर कुत्रं आहे, रानडुकराशी झुंजणारं. हकिगत अशी: तक्कोलमच्या लढाईत पराक्रम गाजवलेल्या मणलेर नावाच्या सरदाराला गंग राजा बूतुगाने ‘काय हवं ते माग’ म्हटलं. गाव मागता आलं असतं, सोनं मागता आलं असतं. त्याने राजाचं काळी नावाचं कुत्रं मागून घेतलं. पुढे ते शिकारीत डुकराला मारून स्वतःही मेलं, तेव्हा त्याच्या नावाने देवळापाशी दगड उभारला गेला, जमीन लावून दिली गेली आणि त्या दगडाची पूजा केल्याखेरीज पुजाऱ्याने जेवू नये असं कोरलं गेलं. हजार वर्षांपूर्वी या दख्खनमध्ये एका माणसाने बक्षीस म्हणून कुत्रं घरी नेलं. त्या वेळी अमेरिकेचा शोधही लागायचा होता.

मुंबईचंच पाहा. १८३२ च्या जूनमध्ये कंपनी सरकारच्या पोलिसांनी दर कुत्र्यामागे आठ आणे लावून भटकी कुत्री मारायची मोहीम काढली. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरांच्या आवारात शिरून पाळलेलीही ओढून नेऊ लागले. फोर्टातल्या पारशांनी उठाव केला, हिंदू, जैन आणि इस्माइली त्यांना मिळाले, दुकानं बंद झाली, गोऱ्या पलटणीची रसद अडली. कुत्र्यांना मारायचा हुकूम परदेशी होता. त्याविरुद्ध उभे राहिले ते इथले व्यापारी. आणि नामदेवांची पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन ते धावले, ही गोष्ट ज्या घरात मुलांना झोपताना सांगितली जाते, दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना रोज फूल वाहिलं जातं, त्याच घराच्या दाराशी खरं कुत्रं आलं की बादली ओतली जाते. परदेशी संस्कृतीचा हा एवढा राग कुणावर निघतो आहे?

तोफ डागायचीच असेल तर तिला योग्य लक्ष्य आहे. हौसेने आणून टाकून देणारी माणसं. २०२० च्या मार्चमध्ये कुत्र्यांमुळे कोरोना पसरतो अशी आवई उठली आणि लोकांनी पाळलेली कुत्री गळ्यातल्या पट्ट्यासकट रस्त्यावर सोडली. पुढे टाळेबंदीत घरी बसून कंटाळलेल्यांनी पिल्लं आणली आणि ऑफिसं उघडल्यावर त्यांतली कित्येक परत रस्त्यावर आली. प्राण्याला उपाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या खेपेचा दंड १० ते ५० रुपये, दोन वडापावांच्या आतबाहेर. साठीपार झालेला तो आकडा बदला म्हणून या सात्त्विक संतापातून एक तरी पत्र गेलं आहे का? टाकणाऱ्यांबद्दल फॉरवर्ड येत नाहीत. येतात ते ठेवून घेणाऱ्यांबद्दल.

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे दीड कोटी भटकी कुत्री मोजली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यांत कोंडायला सांगितलं. देशभर गदारोळ झाला आणि अकरा दिवसांत तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश सौम्य केला: रेबीज झालेली आणि हल्लेखोर कुत्री वगळता बाकीची नसबंदी-लसीकरण करून होती तिथे सोडा. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवायला सांगितलं. या सगळ्या उलटसुलट आदेशांत ऑगस्टच्या त्या सौम्य केलेल्या आदेशातली एक तरतूद मात्र कुणाला खटकली नाही. ज्यांना इच्छा आहे त्यांनी पालिकेकडे अर्ज करून कुत्रं दत्तक घ्यावं आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घ्यावी. कुत्र्यांचे कैवारी आणि कुत्र्यांचे वैरी यांच्यात इतकं फाटलेलं असताना ज्या एका गोष्टीने दोघांचंही भलं होतं ती हीच. नेमकी तीच करणाऱ्या घराला मूर्ख ठरवलं जातं.

कायदाही सोसायट्यांच्या बाजूने नाही. पाळीव कुत्र्यांवर बंदी घालायचा, त्यांना लिफ्ट नाकारायचा अधिकार संस्थांना नाही, हे अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ मध्येच कळवलं आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशा बंदीचे नियम बेकायदा ठरवले. तरी ठराव येतच राहणार. तेव्हा पुढच्या सभेत तो मांडणाऱ्यांनी एवढंच सांगावं: तिसऱ्या मजल्यावरची ती तांबडी कुत्री, जिचं ऑपरेशन झालेलं आहे, जिला दरवर्षी लस मिळते, जी माणूस पाहून बिचकायची ती आता जिन्यात भेटणाऱ्या मुलांना ओळखून बाजूला सरकते, ती घरातून काढल्यावर जाणार कुठे? चंद्रावर नाही. खाली, गेटपाशी, तुम्हीच टाकलेल्या कचऱ्याच्या पिशवीजवळ. पुढच्या वर्षी तिला लस कोण टोचणार, तेही त्याच ठरावात नमूद करावं. आणि सूचक कोण, अनुमोदक कोण, ही नावं इतिवृत्तात नीट उतरवून ठेवावीत.